घरातील वायफाय : दोष कोठे आणि उपाय कोणता?

शास्त्राने मानवाच्या हाती दिलेली साधने दोन प्रकारची असतात. काहींचे काम डोळ्यांना दिसते. विहिरीवरचा रहाट, दारातली सायकल किंवा बागायतीतला पंप बिघडला, तर बिघाड कोठे झाला हे थोड्या निरीक्षणाने कळते. दुसऱ्या प्रकारच्या साधनांचे काम अदृश्य असते. ती चालू असतात तोपर्यंत त्यांचा कोणी विचार करीत नाही. आणि ती रुसली म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे दिसत नसल्यामुळे जो तो आपापल्या परीने तर्क लढवू लागतो. आपल्या घरातील वायफाय हे या दुसऱ्या प्रकारचे साधन होय.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील पुष्कळ घरांत आज हे साधन आले आहे. शालान्त परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रवेश, वडिलांचे बँकेचे व्यवहार आणि परदेशी असलेल्या काकांशी आजीचे बोलणे ही सारी कामे त्याच्यावर अवलंबून असतात. कोविडच्या साथीमुळे २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा गोव्याच्या डोंगराळ भागांतील मुले मोबाइलला लहरी मिळाव्यात म्हणून टेकड्यांवर जाऊन बसत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ज्यांच्या घरी लहरी होत्या त्यांचा वर्ग चालू राहिला. ज्यांच्या नव्हत्या त्यांचा बुडाला. तेव्हा हा विषय केवळ करमणुकीचा नाही, विद्येचा आहे, हे विद्यार्थिमित्रांना वेगळे सांगावयास नको.

पुष्कळ घरांतून ऐकू येणारी तक्रार अशी : “आम्ही शंभर मेगाबिट वेगाचे पैसे भरतो, ओसरीवर वेग ठीक मिळतो, पण मागच्या खोलीत अभ्यासाला बसले की चित्र हालत नाही.” यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. “कंपनीने दिलेला राउटर हलका असतो, तो बदला आणि बाजारातून चांगला आणा.” हा सल्ला कधी बरोबर ठरतो, कधी पैसे पाण्यात जातात. असे का होते, आणि आपल्या घरी काय होईल हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे ठरवावे, याचा विचार या लेखात करू.

प्रथम इंटरनेट आपल्या दारापर्यंत येते कसे ते पाहू. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट प्रथम १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी संस्थेने दिले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून येई आणि त्याचा वेग सेकंदाला काही हजार बिट एवढाच असे. २००४ सालच्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ ही पदवी दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. आता घरोघर ५०, १०० किंवा त्याहून अधिक मेगाबिटांच्या योजना घेतल्या जातात. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. कंपनी वेग सांगते तो बिटांत, आणि संगणक फाईलचे आकारमान दाखवितो ते बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळेही काही जण उगाच राउटरला दोष देतात.

हा वाढलेला वेग शक्य झाला तो काचतंतूमुळे. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाश सोडला, तर तो धाग्याच्या भिंतींवर आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा हा नियम आपण पदार्थविज्ञानात शिकतोच. या क्षेत्रात पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंह कपानी यांचे १९५४ मधील संशोधन मोलाचे ठरले. पुढे १९६६ साली चार्ल्स काव यांनी असे दाखविले की, काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशसंदेश फार दूरवर नेता येतील. त्या कामासाठी त्यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोव्यात राज्य शासनाच्या गोवा ब्रॉडबँड नेटवर्कचे आणि खाजगी कंपन्यांचे असे काचतंतू आज खांबांवरून व जमिनीखालून गावोगाव गेले आहेत. त्यांतून येणारा प्रकाश आपल्याला दिसत नाही, कारण तो अवरक्त असतो. म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोकाकडे डोळा लावून पाहण्याचा मोह कोणीही होऊ देऊ नये. न दिसणारा प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो.

हा तंतू भिंतीतून घरात शिरतो आणि एका लहानशा पेटीत संपतो. या पेटीला आपण सरसकट राउटर म्हणतो. पण वस्तुतः ती एक पेटी नसून एकाच घरात राहणारे चार कामगार आहेत. पहिला कामगार प्रकाशाचे विद्युत्संदेशात रूपांतर करतो. दुसरा घरातील प्रत्येक फोनला व संगणकाला निराळा पत्ता देतो आणि आलेला मजकूर ज्याचा त्याला पोहोचवितो. खरा ‘राउटर’ तो हाच. तिसरा पेटीच्या पाठीमागच्या खाचांत तारा जोडू देतो. चौथा कामगार म्हणजे लहानसे बिनतारी प्रक्षेपण केंद्र. तोच वायफाय होय. घरात वायफाय मंद झाले, तर या चौघांपैकी दोष कोणाचा, किंवा चौघेही निर्दोष असून दोष बाहेरच्या तंतूचा अथवा घराच्या भिंतींचा आहे काय, हा खरा प्रश्न आहे. नुसते ‘राउटर वाईट’ असे म्हणणे म्हणजे रोग्याला न तपासता औषध देण्यासारखे आहे.

आता या चौथ्या कामगाराकडे वळू. वायफायच्या लहरी या प्रकाशाच्याच जातीच्या, विद्युच्चुंबकीय लहरी आहेत. त्यांचे अस्तित्व मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताने सांगितले आणि हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. आपल्या घरातील वायफाय हा एका अर्थी त्याच प्रयोगाचा वंशज आहे. फरक एवढाच की, आता लहरी घंटेऐवजी धडे आणि पत्रे घेऊन जातात. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची साडेपाच-सहा सेंटिमीटर असते. पहिली लहर सावकाश पण चिवट आहे. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. दुसरी चपळ पण नाजूक आहे. ती पुष्कळ माहिती वाहून नेते, परंतु भिंतीपुढे लवकर हार मानते.

लहरींची शक्ती कमी होते ती दोन कारणांनी. पहिले कारण अंतर. दिव्यापासून दुप्पट दूर गेले तर उजेड निम्मा न होता एक चतुर्थांश होतो, तोच वर्गाचा नियम येथे लागू आहे. दुसरे कारण भिंती. आणि येथेच आपल्या गोव्याच्या घरांचा वैशिष्ट्यपूर्ण प्रश्न उभा राहतो. आपली जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेली आहेत. त्यांच्या भिंती रुंद असतात. जांभा लोहयुक्त व सच्छिद्र असतो. चार महिने पाऊस कोसळत असता तो पाणी पिऊन ओला होतो, आणि पाणी हे या लहरींचे मोठे शोषक आहे. उन्हाळ्यात ज्या भिंतीला घरातील मंडळी थंडाव्याबद्दल धन्यवाद देतात, तीच भिंत बिनतारी लहरींना तटासारखी आडवी येते. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, मोठा आरसा, स्लॅबमधील सळ्यांचे जाळे आणि पाण्याची टाकी हीदेखील याच पंक्तीत बसतात.

हे उदाहरणाने पाहू. समजा, कोरगाव किंवा पार्से येथील एका जुन्या कौलारू घरात कंपनीच्या माणसाने ओसरीच्या कोपऱ्यात पेटी बसविली आहे, कारण तंतू तेथूनच आत आला. अभ्यासाची खोली मागच्या पडवीला लागून, सोळा मीटर अंतरावर आहे आणि मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती आहेत. पेटीपासून दोन मीटरवर जेवढी शक्ती मिळते तिच्याशी तुलना केली, तर अंतर आठपट झाल्यामुळे शक्ती चौसष्टावा भाग उरेल. प्रत्येक भिंत दहावाच भाग पलीकडे जाऊ देते असे मानले, तर दोन भिंतींनंतर शंभरावा भाग राहील. दोन्ही मिळून शक्ती ६४०० पट कमी झाली. आता हीच पेटी माजघरात, घराच्या मध्यभागी आणली आणि ती अभ्यासाच्या खोलीपासून आठ मीटरवर व एका भिंतीआड आली असे समजा. अंतरामुळे सोळावा भाग, भिंतीमुळे त्याचा दहावा; म्हणजे शक्ती फक्त १६० पट कमी झाली. पेटी तीच, कंपनी तीच, योजनाही तीच. परंतु नुसत्या स्थलांतराने अभ्यासाच्या खोलीत पूर्वीच्या चाळीसपट शक्ती पोहोचली!

नवा महाग राउटर आणून त्याच ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला, तर हे चाळीसपट मिळेल काय? नाही. याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे, प्रक्षेपणाच्या शक्तीवर कायद्याची मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली घरगुती वापरासाठी परवान्याच्या अटीतून मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बरीचशी बंधने २०१८ मध्ये सैल झाली. पण ती मोकळीक अल्प शक्तीपुरती आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वायफाय म्हणजे एकतर्फी भाषण नव्हे, संभाषण आहे. राउटर मोठ्याने बोलला म्हणून भागत नाही. फोनचे उत्तरही त्याला ऐकू आले पाहिजे. फोनची बॅटरी लहान, त्याचा आवाज कोता. तेव्हा दोघांमधील अंतर व भिंती कमी करणे हाच खरा उपाय, ओरडणे नव्हे.

मग नव्या राउटरचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि काही घरांत फार मोठा आहे. त्यासाठी वायफायच्या पिढ्यांची ओळख हवी. या तंत्राचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. त्याचा वेग केवळ २ मेगाबिट होता. ‘वायफाय’ हे नाव १९९९ मध्ये प्रचारात आले. २००९ मध्ये आलेल्या प्रमाणाला आज वायफाय ४, २०१३ मधील प्रमाणाला वायफाय ५ आणि २०२१ मध्ये अंतिम झालेल्या प्रमाणाला वायफाय ६ म्हणतात. काही वर्षांपूर्वी घरोघर दिलेल्या पुष्कळ पेट्या केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, चौथ्या पिढीच्या आहेत. अशा पेटीतून, अगदी समोर बसूनही, शंभर मेगाबिट मिळणे कठीण जाते. शिवाय या पट्ट्यात जागा थोडी आहे. त्याच्या वाहिन्यांपैकी १, ६ आणि ११ या तीनच एकमेकींच्या अंगावर न येता एकत्र नांदू शकतात. पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर, जेथे शेजारचे घर माडांपलीकडे आहे, तेथे याने फारसे बिघडत नाही. परंतु डिचोली किंवा साखळी शहरातील इमारतीत वीस सदनिकांचे वीस राउटर या तीन वाहिन्यांवर बोलू लागले, म्हणजे जत्रेतल्या गलक्यासारखी स्थिती होते. त्यातच मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात आपला सूर मिसळते. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असलेला नवा राउटर म्हणजे गर्दीतून बाहेर पडून मोकळ्या रस्त्याला लागणेच होय. एकाच वेळी दहा-पंधरा उपकरणे जोडली जात असतील, तर जुन्या पेटीचा दुसरा कामगारही थकतो. तेथेही नवा राउटर उपयोगी पडतो. मात्र आपला फोन किंवा संगणक जुन्या पिढीचा असेल, तर राउटर सहाव्या पिढीचा आणून त्याचा वेग वाढणार नाही.

असो. आता निदानाकडे वळू. हे काम इयत्ता आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. कागद, पेन्सिल आणि वेग मोजण्याचे एखादे साधे फुकट साधन एवढीच सामग्री पुरे. प्रथम पेटीवरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. माडाची झावळी किंवा झाडाची फांदी पडून तंतू तुटला असावा अथवा कोठे तरी फार वाकला असावा. अशा वेळी राउटर बदलणे व्यर्थ, कंपनीला कळवावे.

दिवे ठीक असतील तर तीन मोजमापे घ्यावीत. पहिले, संगणक तारेने पेटीला जोडून. दुसरे, फोन पेटीपासून दोन मीटरवर धरून. तिसरे, जेथे तक्रार आहे त्या खोलीत. प्रत्येक मोजमाप प्रयोगशाळेतल्याप्रमाणे तीनदा घेऊन सरासरी काढावी, आणि एकदा सकाळी व एकदा रात्री नऊच्या सुमारास घ्यावी. तारेवरच वेग योजनेपेक्षा फार कमी आला, तर दोष बाहेरचा आहे. विशेषतः सकाळी वेग चांगला आणि रात्री वाईट असेल, तर एकाच काचतंतूचा लाभ घेणाऱ्या अनेक घरांची गर्दी हे कारण असू शकते. मात्र पेटीची खाच जुन्या प्रकारची असेल तर तारेवर सुमारे ९४ मेगाबिटांहून अधिक मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. तारेवर वेग पूर्ण आणि दोन मीटरवर मात्र अपुरा आला, तर पेटीतील चौथा कामगार दुबळा आहे किंवा वाहिन्यांची गर्दी आहे. येथे नवा राउटर हेच औषध. तार व दोन मीटर दोन्ही ठिकाणी वेग उत्तम, पण दूरच्या खोलीत वाईट, तर राउटर निर्दोष आहे. दोष अंतराचा आणि चिऱ्याचा आहे.

फोनमध्ये लहरींची शक्ती आकड्यांत दाखविणारी साधनेही मिळतात. हे आकडे उणे असतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास ठीक, आणि उणे ८० म्हणजे जोडणी तुटण्याच्या बेतात. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दसपट फरक. वरच्या उदाहरणात दोन मीटरवर उणे ४० आकडा आला असेल, तर ६४०० पटींची घट म्हणजे आणखी सुमारे ३८ ची घट. अभ्यासाच्या खोलीत उणे ७८ दिसेल. पेटी माजघरात आणली की आकडा उणे ६२ होईल. घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक खोलीत हा आकडा लिहिला, तर अदृश्य लहरी जणू डोळ्यांना दिसू लागतात. विज्ञान प्रदर्शनासाठी याहून सोपा आणि उपयुक्त प्रयोग दुसरा कोणता असेल!

निदान झाल्यावर उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. पेटी लोखंडी कपाटावर, दूरदर्शन संचाच्या पाठीमागे किंवा जमिनीलगत असेल तर ती उंच व मोकळ्या जागी आणावी. वाहिनी बदलून पाहावी. तरीही दूरची खोली कोरडीच राहिली, तर पेटी घराच्या मध्यभागी नेण्याचा विचार करावा. येथे अडचण अशी येते की, काचतंतू नाजूक असतो; तो घरच्या घरी कापून जोडता येत नाही आणि कोपऱ्यात मुडपून चालत नाही. आपल्या मालकीचा राउटर येथे खरा उपयोगी पडतो. कंपनीची पेटी तंतूच्या दाराशी बांधलेली असते. आपला राउटर तसा बांधलेला नसतो. कंपनीच्या पेटीपासून तांब्याची साधी जाळे-तार माजघरापर्यंत न्यावी आणि नवा राउटर तेथे बसवावा. ही तार शंभर मीटरपर्यंत वेग न घटविता चालते, आणि कौलारू घराच्या वाशांवरून ती सहज नेता येते. लहरींना जी भिंत अडविते, तिच्यातून लहानशा भोकाने तार निमूटपणे पलीकडे जाते. तात्पर्य, नव्या राउटरने आपल्याला मिळते ते अधिक बळ नव्हे, तर जागा निवडण्याचे स्वातंत्र्य.

घर फार मोठे, राजांगणाभोवती चारही बाजूंनी पसरलेले किंवा दुमजली असेल, तर एकच राउटर पुरत नाही. तेथे दोन-तीन लहान पेट्यांचे ‘मेश’ जाळे बसवितात. या पेट्या आपापसांतही बिनतारी बोलू शकतात. परंतु मधल्या पेटीलाच जर क्षीण लहर मिळत असेल, तर ती पुढे क्षीण लहरच देणार. म्हणून शक्य तेथे त्यांनाही तारेने जोडणे उत्तम. बाजारात स्वस्त ‘रिपीटर’ मिळतात. त्यांतील पुष्कळ एकाच पट्ट्यावर ऐकतात व त्याच पट्ट्यावर बोलतात, त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो.

राउटर बदलण्याचे ठरलेच, तर पुढील क्रम पाळावा. कंपनीची पेटी फेकून देऊ नये किंवा तंतू काढू नये. प्रकाशाचे रूपांतर करणारा पहिला कामगार तिच्यातच आहे, आणि पेटी बहुधा कंपनीच्याच मालकीची असते. कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : जोडणीसाठी ग्राहकनाम व संकेतशब्द लागतो काय, पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून मिळेल काय, आणि घरचा टेलिफोन त्याच पेटीवर असेल तर तो चालू राहील काय. ब्रिज म्हणजे पूल. या पद्धतीत जुनी पेटी केवळ प्रकाश व तार यांमधील पुलाचे काम करते आणि पत्ते वाटण्याचे काम नव्या राउटरकडे जाते. कंपनीने हे करून दिले नाही, तरी हरकत नाही. नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवावा. म्हणजे पत्ते जुनीच पेटी वाटील आणि नवा फक्त लहरी पुरवील. दोघेही पत्ते वाटू लागले, तर एका घराला दोन दारवान बसविल्यासारखे होऊन काही कामे अडतात, म्हणून एवढी दक्षता घ्यावी. जुन्या पेटीचे वायफाय बंद करावे, नाहीतर फोन सवयीने तिलाच चिकटून राहील. नव्या राउटरला जुनेच नाव व तोच संकेतशब्द दिला, तर घरातील बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. मात्र संकेतशब्द सर्व गावाला ठाऊक झालेला असेल, तर हीच तो बदलण्याची संधी समजावी. शेवटी तीनही मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि पहिल्या कागदाशी ताडून पाहावीत. सुधारणा आकड्यांत दिसली तरच ती खरी.

सुरक्षिततेविषयी थोडे. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. कुलूप ‘डब्ल्यूपीए २’ किंवा २०१८ साली आलेले ‘डब्ल्यूपीए ३’ या प्रकारचे असावे. ‘डब्ल्यूईपी’ हे जुने कुलूप २००१ सालीच निरुपयोगी ठरले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे गडगडाट होतो, तेव्हा राउटरचा प्लग काढून ठेवणे शहाणपणाचे. काच विजेची वाहक नाही, पण वीजपुरवठ्याची तार वाहक आहे. वीज गेली की राउटरही झोपतो. त्याला लागणारी शक्ती साधारण १२ वॅट एवढीच असल्याने १२ व्होल्टची लहान बॅटरीपेटी दोन-तीन तास त्याला जागे ठेवू शकते. परीक्षेच्या दिवसांत हा खर्च नव्या राउटरपेक्षाही अधिक कामी येईल. निकामी झालेली आपल्या मालकीची पेटी कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून देशात यासंबंधी नवे नियम लागू झाले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, घरात राउटर आणण्याचा निर्णय वडीलधारी मंडळी घेतात आणि पैसेही तीच खर्च करतात. परंतु कोणत्या खोलीत किती लहर पोहोचते, तार कोठून नेता येईल आणि खर्च करण्याची गरज आहे की नाही, हे त्यांना मोजून सांगण्याचे काम तुम्ही करू शकता. दोन-तीन हजार रुपयांचा राउटर विकत घेण्यापूर्वी अर्धा तास मोजमापासाठी द्यावा. कित्येक घरांत तो अर्धा तासच ते पैसे वाचवील. आणि ज्या घरांत खरोखरच राउटर बदलणे जरूर असेल, तेथे तो कोठे बसवावा हेही सांगून जाईल. स्वतःच्या घरचा नकाशा पुरा झाला म्हणजे शेजारच्या आजोबांच्या घरचाही करून द्यावा. त्यांना आपल्या नातवंडांचा चेहरा स्पष्ट दिसू लागला, तर पुस्तकात वाचलेला वर्गाचा नियम कामी आला असे समजावयास हरकत नाही.